औषध आणि आसरा

पहाटेच्या वेळी मुंबईत परळच्या बाजूस जाणाऱ्या माणसाला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर एक निराळीच वस्ती आढळते. भिंतीच्या कडेने पथाऱ्या पसरलेल्या असतात, वर कोठे ताडपत्रीचा आडोसा असतो, आणि प्रत्येक पथारीच्या उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद असतात. त्या पिशवीत क्ष-किरणांची चित्रे, तपासण्यांचे अहवाल आणि रुग्णालयाची फाइल एवढाच ऐवज असतो. पण पैशाच्या पाकिटापेक्षा तिची राखण अधिक होते. कानांवर भाषा पडतात त्या मैथिली, भोजपुरी, बंगाली, असमिया. मधूनच एखादा वऱ्हाडी किंवा खानदेशी सूरही ऐकू येतो. ही माणसे भिक्षेकरी नव्हेत. कोणी घरची दोन बिघे जमीन गहाण टाकून आलेला असतो, कोणी शाळामास्तर असतो, कोणाचे गावी छोटे दुकान असते. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून ती येथे आलेली असतात आणि किती दिवस राहावयाचे, हे त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते.

कर्करोगाच्या प्रश्नाचा विचार बहुधा प्रयोगशाळेपासून सुरू होतो. तो या पदपथापासून सुरू केला तर मात्र काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे चौदा लाख नवे रोगी झाले आणि नऊ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन शाखेचा अंदाज आहे. रोग्यांच्या मानाने मृत्यूंचे हे प्रमाण फार मोठे आहे. रोग उशिरा उघडकीस येणे, हे त्याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण फारसे बोलले जात नाही. उपचार असतो, तो रोग्याला सुरूही झालेला असतो, आणि रोगी तो अर्ध्यावर टाकून निघून जातो. किरणोपचार घ्यावयाचे तर आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे रोज हजर राहावे लागते. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाचा औषधोपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतो. एवढे दिवस परक्या शहरात राहावयाचे कोठे, खावयाचे काय, गावाकडची पेरणी कोणी करावयाची आणि तेथे राहिलेल्या दुसऱ्या मुलांकडे कोणी पाहावयाचे, या प्रश्नांना वैद्यकाच्या पुस्तकांत उत्तर नाही. रुग्णालयाच्या नोंदीत अशा रोग्याच्या नावापुढे 'पुन्हा आला नाही' एवढाच शेरा पडतो.

परळचे हे रुग्णालय मुळात एका वियोगातून जन्माला आले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्यावर विलायतेत उपचार झाले होते. तसे उपचार स्वदेशी मिळावेत, अशी सर दोराबजींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी ती इच्छा पुरी केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ऐंशी खाटांचे रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ते आपल्याकडे घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. अणुऊर्जेचे खाते आणि रुग्णालय यांचा हा संबंध ऐकणाराला विचित्र वाटतो. पण किरणोत्सारी द्रव्यांचा रोगनिवारणासाठी उपयोग आणि संशोधनाला लागणारा स्थिर पैसा या दोन्ही दृष्टींनी तो निर्णय दूरदर्शीपणाचा ठरला.

या संस्थेच्या आरंभीच्या काळात तेथे काम करणाऱ्यांपैकी तीन नावे मराठी आणि गोमंतकीय श्रोत्यांना जवळची वाटतील. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे पंडित. रोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा तसाच तो माणसाच्या रोजच्या सवयींतही शोधावयाचा, ही त्यांची दृष्टी होती. बिहारकडचा माणूस चुना-तंबाखूची खैनी खालच्या ओठाच्या आत धरतो आणि नेमका तेथेच त्याला व्रण होतो. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाच्या जागी काही माणसांना त्वचेचा कर्करोग होतो. अशा बाबी त्यांनी काटेकोरपणे नोंदल्या. ज्या देशात रोगाचे खापर सहजगत्या दैवावर फोडले जाते, तेथे ओठातील चिमूटभर तंबाखूकडे बोट दाखविणे हे मोठेच काम होते. डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे गोमंतकीय कुळातील शल्यविशारद. रुग्णालयाजवळचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या हाताखाली काम सुरू करून, शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, देशातील पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली.

मद्रासेतही असाच प्रयत्न त्याच सुमारास झाला, आणि त्याच्याही मुळाशी घरातलेच दु:ख होते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण १९२३ मध्ये कर्करोगाने वारली होती. त्या आघातानंतर तीन दशके त्यांनी या कामाचा पाठपुरावा केला आणि १९५४ साली अड्यारला बारा खाटांची कर्करोग संस्था सुरू झाली. पुढल्या वर्षी तेथे रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी २०२१ मध्ये देह ठेवीपर्यंत ती संस्था सोडली नाही. कर्करोग म्हणजे मृत्यूची चिठ्ठी, असे जेव्हा वैद्यही मानीत, तेव्हा या मंडळींनी रोग्याला दार उघडून दिले.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाची हकीकत या साऱ्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकते. हा रोग झालेल्या भारतीय मुलांपैकी पाचातले एखादेच मूल बचावेल, अशी १९८० च्या सुमाराची स्थिती होती. श्रीमंत देशांत त्या काळी निम्म्याहून अधिक मुले बरी होऊ लागली होती. परंतु तेथील तीव्र औषधोपचार जसाच्या तसा येथे आणावा, तर कुपोषित मुलांना तो सोसवत नसे आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. १९८४ पासून टाटा रुग्णालयातील डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतील डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने येथील परिस्थितीला झेपेल अशी औषधयोजना आखण्यात आली. मद्रास व दिल्ली येथेही ती वापरली गेली आणि हळूहळू निम्मी किंवा त्याहून अधिक मुले वाचू लागली. अडवाणींना स्वत:ला बालपणी पोलिओ झालेला, आयुष्यभर चाकांच्या खुर्चीचा आधार. तरीही १९८३ मध्ये भारतातील पहिले अस्थिमज्जा-रोपण करणारे वैद्य तेच.

औषधयोजना सापडली, येथे हकीकत संपावयास हवी होती. ती संपली नाही. टाटा रुग्णालयात २००९ साली कर्करोग झालेल्या दर शंभर मुलांपैकी वीस मुले एक तर उपचार सुरूच करीत नसत, किंवा मध्येच सोडून जात. औषध घेऊनही जी मुले दगावतात त्यांचा शोक वैद्य करतो, कारणे शोधतो, निबंध लिहितो. ही वीस मुले मात्र कोणाच्याच हिशेबात नसत. मग त्यांच्या बाबतीत चौकशी सुरू झाली. कोणाच्या बापाची नोकरी गेली होती. कोणाला महिना संपताच भाड्याची खोली सोडावी लागली होती. ताप उतरला, मूल खेळू लागले, तेव्हा ते बरे झाले असे समजून कोणी गावी परतले होते. मुलगी असली तर घरचे एवढा खर्च करावयास कचरतात, हेही उघड बोलले पाहिजे.

उपाय योजिले ते साधे होते. राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण, औषधाचा व रक्ताचा खर्च, मुलांना शिकविण्याची सोय, आईबापांशी त्यांच्याच बोलीत बोलणारा समाजसेवक. आणि ठरल्या तारखेला मूल आले नाही तर त्याच दिवशी दूरध्वनी करून चौकशी. काही वर्षांत, २०१६ पर्यंत, वीसचे प्रमाण सुमारे पाचावर आले. या काळात कोणतेही नवे औषध निघाले नव्हते. शंभरातील जी पंधरा मुले उपचाराबाहेर जात होती ती उपचारात टिकून राहिली. एवढी किमया करणारे औषध प्रयोगशाळेतून क्वचितच बाहेर पडते. आसऱ्याला दानधर्माच्या सदरात टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. हा हिशेब पाहिला म्हणजे त्याची नोंद उपचाराच्या सदरातच करावी लागते.

मुंबईत असा आसरा देणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गाडगे महाराजांनी देवळे बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्याच नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत देशभरातून आलेले कर्करोगी व त्यांचे नातेवाईक राहतात. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवेचे काम १९६८ पासून सुरू आहे. मुलांसाठी २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेने निवासाची व्याख्याच थोडी पालटली. प्रत्येक कुटुंबाला एक स्वच्छ जागा, स्वयंपाकाचा वेगळा ओटा, आणि रुग्णालयापर्यंत नेण्या-आणण्याची सोय. उपचाराच्या काळात मुलाची प्रतिकारशक्ती इतकी खालावते की गढूळ पाणी किंवा शेजारच्या पथारीवरचा खोकला त्याच्या जिवावर बेतू शकतो. तेव्हा स्वच्छ ओटा ही चैन नव्हे. तरीही मागणीच्या मानाने जागा अपुऱ्याच पडतात. पदपथ रिकामे झालेले नाहीत.

रोग्याने दोन हजार किलोमीटर यावेच का, असाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ईशान्येकडील सिल्चर गावी एका मनुष्याने शोधले. अड्यारच्या संस्थेतील शल्यविशारद डॉ. रवी कण्णन २००७ मध्ये मद्रास सोडून आसामच्या बराक खोऱ्यातील एका लहानशा कर्करोग रुग्णालयात गेले. तेथे येणाऱ्यांत चहामळ्यांतील मजूर व शेतमजूर फार. उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा अठ्ठावीस होते. डॉ. कण्णन यांच्या ध्यानात आले की, उपचार फुकट देऊनही भागत नाही. कारण सोबत येणाऱ्या माणसाची रोजी बुडते आणि घरची चूल थंड पडते. म्हणून रुग्णालयाने त्या सोबत्यालाच आवारात तात्पुरते काम देऊन मजुरी देण्यास आरंभ केला. जेवण, निवास आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी जाणारे पथक अशी जोड मिळाली, तसे ते प्रमाण शेकडा सत्तरावर गेले. २०२३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. टाटा केंद्रानेही अलीकडच्या वर्षांत वाराणसी, मुझफ्फरपूर, गुवाहाटी, विशाखापट्टणम अशा ठिकाणी रुग्णालये चालविण्यास घेतली आहेत. परळच्या पदपथावरची गर्दी हटविण्याचा खरा मार्ग तोच आहे.

आता संशोधनाकडे वळावयाचे. भारतातील कर्करोग-संशोधनाची जी कामे जगाने नावाजली, त्यांतली बरीचशी हीच गरज ओळखून झालेली आहेत. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी पाश्चात्त्य देशांत पेशींची तपासणी करतात; तिला प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून एक निराळा प्रयोग झाला. शाळेपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना थोडे प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका करण्यात आले. घरात चटणी-लोणच्याला वापरतात त्या व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल त्या गर्भाशयमुखाला लावीत. विकृत भाग क्षणभरात पांढरा दिसू लागतो. मग त्या स्त्रीला रुग्णालयात धाडावयाचे. दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेल्या या प्रयोगात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्या स्त्रियांशी तुलना झाली त्यांना ही तपासणी न देता केवळ माहिती दिली गेली, यावर पुढे कडक टीका झाली. तिचा विचार व्हावयासच हवा. परंतु चार थेंब आम्लाने जीव वाचतात, हे त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

याही आधी, १९८७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली होती. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत होती. ग्रामीण भागात रोगी आपण होऊन रुग्णालयात येत नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून पाराखाली बसत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रोग्याला तपासणीस घेऊन येत. वस्तुत: त्यांना आकडे गोळा करावयाचे होते. पण शेजारच्या, जेथे असा प्रचार झाला नव्हता अशा भागाशी तुलना करता, बार्शीकडच्या स्त्रिया रोगाच्या अलीकडच्या अवस्थेतच येऊ लागल्याचे दिसून आले. मोजणी करावयास गेलेल्या माणसांनी बोलता बोलता उपचार केला, असेच म्हणावे लागेल.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातले एक उदाहरण तर गोष्टीसारखे आहे. स्तनातील गाठ कापताना सुरीच्या आघाताने काही पेशी सुटून शरीरात इतरत्र रुजत असाव्यात, अशी शंका जुनीच होती. टाटा रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवार लिग्नोकेन टोचले. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात तेच हे औषध. किंमत शे-पन्नास रुपयांची. देशातील अकरा केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर, टोचणी न मिळालेल्या शंभरांत शहाऐंशीहून थोड्या अधिक स्त्रिया हयात होत्या, तर टोचणी मिळालेल्यांत नव्वद. चार हा आकडा लहान वाटतो. तथापि कोट्यवधी रुपयांची किती तरी नवी औषधे याहून कमी लाभ देतात. या औषधावर कोणाचा एकाधिकार नाही. म्हणून त्याची जाहिरात करावयासही कोणी पुढे येणार नाही, हे उघड आहे.

त्याच वर्षी डोके व मान यांच्या पुढे गेलेल्या कर्करोगावरील दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शरीराच्या स्वत:च्या प्रतिकारशक्तीला रोगावर सोडणारे निव्होलुमॅब नावाचे औषध या रोगात उपयोगी पडते, पण त्याची किंमत भारतीय रोग्याला पेलत नाही. टाटा रुग्णालयातील वैद्यांनी असा विचार केला की, पूर्ण मात्रेची गरजच नसेल तर? त्यांनी प्रचलित मात्रेच्या दशांशाहून कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून वीस मिलिग्रॅम, औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. एक वर्षानंतर हयात राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा सोळावरून त्रेचाळिसावर गेले. औषध तयार करणाऱ्याने असा प्रश्न कधीच विचारला नसता.

अर्थात किमतीचा प्रश्न प्रत्येक वेळी वैद्याच्या चातुर्याने सुटत नाही. कधी त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगावर इमॅटिनिब हे औषध या शतकाच्या आरंभी आले आणि ज्यांची आशा सोडलेली होती ती माणसे रोज एक गोळी घेऊन कामावर जाऊ लागली. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे एक लाख वीस हजार रुपये, तर देशी कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजार. कंपनीने अनेक रोग्यांना औषध विनामूल्य दिले हेही खरे. पण कृपेने मिळणारे औषध आणि हक्काने विकत घेता येणारे औषध यांत अंतर आहे. एकस्व नाकारले जावे म्हणून जे पक्ष उभे राहिले त्यांत मुंबईची 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही १९६९ पासून रोग्यांना मदत करणारी संस्था होती. जेवण आणि औषधे वाटणाऱ्या संस्थेने कायद्यातील एका पोटकलमाचा अर्थ काय, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजावे, हा प्रसंग आपल्या सार्वजनिक जीवनात विरळा म्हणावा लागेल. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. पुढे राष्ट्रीय कर्करोग जाळे या, २०१२ मध्ये स्थापन झालेल्या रुग्णालयांच्या संघाने चाळीस औषधांची खरेदी एकाच निविदेने केली, तेव्हा काहींच्या किमती नव्वद टक्क्यांहून अधिक उतरल्या. निविदा हा शब्द कोणाच्या कवितेत येत नाही. परंतु येथे तिने अनेक शस्त्रक्रियांइतके काम केले.

सर्वांत नव्या उपचारातही हाच धागा दिसतो. रोग्याच्या रक्तातील लढाऊ पेशी बाहेर काढावयाच्या, त्यांच्या जनुकांत फेरफार करून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखावयास शिकवावयाचे, आणि त्या पुन्हा रोग्याच्या शरीरात सोडावयाच्या, असा हा उपचार आहे. परदेशी त्याला तीन-चार कोटी रुपये पडतात. मुंबईच्या आय.आय.टी.मधील डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने असा उपचार देशातच तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर उपचार थकलेल्या दर चार रोग्यांपैकी जवळजवळ तिघांत त्याचा गुण आल्याचे त्यांत नमूद आहे. मान्यता मिळाली त्या वेळी त्याची किंमत परदेशी उपचाराच्या सुमारे दशांश होती. दशांश म्हणजेही कित्येक लाख रुपये. परळच्या पदपथावरील माणसाला तो आकडा तीन कोटींइतकाच दूर आहे, याचे विस्मरण होऊ नये.

ज्यांचा रोग बरा होणार नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांच्यासाठी संशोधन फार पूर्वीच झालेले आहे. औषधही जुने व स्वस्त आहे. अफूपासून निघणारे मॉर्फीन योग्य मात्रेत तोंडाने दिले तर कर्करोगाच्या बहुतेक वेदना आटोक्यात राहतात आणि रोगी व्यसनाधीन होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये याची पायरी-पायरीची पद्धत घालून दिली. दैवदुर्विलास असा की, मंदसौर-नीमचच्या शेतांतून औषधासाठी कायदेशीर अफू पिकविणारा हा देश. आणि त्याच्याच रोग्यांना मॉर्फीन मिळेनासे झाले. अंमली पदार्थांविरुद्ध १९८५ मध्ये कडक कायदा झाला. त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती आणि औषधाच्या प्रत्येक खेपेला निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने लागत. कायद्याचा हेतू चांगला होता. पण परवाना न दिल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याची चौकशी होत नाही, दिल्याबद्दल मात्र होऊ शकते. तेव्हा तो न देणेच सुरक्षित ठरते. देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर शेकडो किलोंवरून घसरत १९९७ मध्ये अवघ्या अठरा किलोंवर आला. कचेरीतील त्या सावधगिरीची किंमत किती घरांतून, किती रात्री मोजली गेली, याची नोंद कोठेच नाही.

या अंधारात काही दिवे होते. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे असाध्य रोग्यांसाठीचे देशातील पहिले शुश्रूषागृह उघडले. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. त्यातून शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी, शिक्षकांनी, रिक्षावाल्यांनी, विद्यार्थ्यांनी आठवड्यातले दोन तास देऊन घरोघरच्या अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करावयाची पद्धत रुजली. २००८ मध्ये केरळ सरकारने तिला आपल्या धोरणात स्थान दिले. राजगोपाल आणि इतरांनी कित्येक वर्षे दिल्लीच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, तेव्हा २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि एकाच परवान्यावर औषध ठेवण्याची सोय झाली. तरीही जिल्ह्याच्या गावी आजही मॉर्फीन सहजी मिळत नाही. कायदा बदलला तरी औषधाच्या नावाची दहशत अनेक दवाखान्यांतून अद्याप गेलेली नाही.

आपल्या घरांतून या रोगाचे नावही घेत नाहीत. 'गाठ आहे' म्हणतात, 'तो आजार' म्हणतात. मुलगा डॉक्टरांना बाजूस घेऊन सांगतो, 'आईला कळू देऊ नका'. आणि आईला सारे केव्हाच कळलेले असते. दोघेही एकमेकांना जपत, एकमेकांपासून लपवीत राहतात; ज्या दिवसांत बोलावयाचे ते दिवस असे निघून जातात. वैद्याला या भिंतीला दार पाडावयास वेळ नसतो आणि पुष्कळदा ती कलाही अवगत नसते. ते काम कर्करोगातून उठलेली माणसेच उत्तम करू शकतात. मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या 'व्ही केअर' या संस्थेची सुरुवात अशाच, स्वत: या रोगातून पार पडलेल्या स्त्रीने केली, तिच्या स्वयंसेवकांत तशी माणसे पुष्कळ आहेत. बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर, नुकताच अहवाल हाती पडलेल्या आणि काही सुचेनासे झालेल्या बाईच्या शेजारी अशी एखादी स्त्री येऊन बसते. धीर सोडू नका वगैरे ती फारसे म्हणत नाही. आपल्याला किती साली झाले होते ते सांगते, डोक्यावरचा पदर थोडा मागे सारून पुन्हा उगवलेले केस दाखविते. आणि मग नाव नोंदवावयाची खिडकी कोणती, कोणता कागद कोठे दाखवावयाचा, मोफत जेवण किती वाजता मिळते आणि रात्री राहावयास जागा मिळण्यासाठी चिठ्ठी कोणाकडून घ्यावयाची, हे एकेक करून सांगू लागते.